रानाचा भाव सांगणारे मास्तर

मास्तर गेले तेव्हा रीतसर शोकसभा झाली. एका वक्त्याने त्यांना शेतकऱ्यांचा कैवारी म्हटलं, दुसऱ्याने गरिबांचा आधारवड. मी मागे सतरंजीवर बसले होते आणि मला उठून हरकत घ्यायची होती. मास्तर कुणाचे कैवारी नव्हते. शेतजमिनीची किंमत काढून देणं हा त्यांचा धंदा होता. त्याची ते फी घेत, आणि जो आधी विचारेल त्याचं काम घेत. सरकारने आधी विचारलं तर सरकारचं. माणूस मेला म्हणून त्याचा भाव वाढवून सांगायचा, हे त्यांना स्वतःला मुळीच चाललं नसतं.

माझं त्यांच्याशी पटलं नाही, हे आधीच सांगून टाकते. शिकले मात्र मी त्यांच्याकडूनच.

मी त्यांच्याकडे गेले ती समितीने पाठवलं म्हणून. दुष्काळ संपला होता आणि सोलापूरच्या चहूबाजूंना तलाव, रस्ते, गोदामं अशा नाना कारणांसाठी रानं जात होती. मोबदला कवडीचा. आमची समिती म्हणजे आम्ही दहा-बारा पोरंपोरी, एक सायक्लोस्टाइलचं यंत्र आणि भरपूर राग. पत्रक लिहायला आम्हाला एक संध्याकाळ पुरायची. पण पहिल्याच खटल्यात सरकारी वकिलाने आमच्या साक्षीदार कार्यकर्त्याला विचारलं, "एकरी भाव तुम्ही मागता तो काढलात कसा?" आमचा कार्यकर्ता छाती पुढे काढून म्हणाला, "अन्याय झालाय हे सूर्यप्रकाशाइतकं स्पष्ट आहे." कोर्ट हसलं. कारकून हसले, पट्टेवाला हसला. खटला गेला.

तेव्हा ठरलं, कुणीतरी हे शास्त्र शिकून यायचं. बाकीच्यांना नोकऱ्या होत्या. मी बी.ए. होऊन घरी होते.

मास्तर कृषी खात्यातून निवृत्त होऊन बाळीवेशीजवळ दोन खोल्यांत राहत होते. पहिल्या दिवशी मी त्यांना 'काका' म्हटलं. ते म्हणाले, "काका नको. काका म्हटलं की लोक फुकट काम सांगतात." साहेब म्हणणं माझ्या तत्त्वात बसत नव्हतं. काही दिवस मी त्यांना कसलीच हाक न मारता बोलत होते. ते ऐकून त्यांच्या बायकोची, काकूंची, फार करमणूक व्हायची. शेवटी काकूच म्हणाल्या, "मास्तर म्हण की गं. शिकवतातच ना तुला?" तेव्हापासून मास्तर.

ते मला काय म्हणत हेही सांगते. खेड्यात गेलं की बाया विचारत, "ही कोन? लेक काय तुमची?" मास्तर गंभीरपणे म्हणत, "नाही. हा माझा विरोधी पक्ष." पुढे पुढे तेच नाव पडलं. "अहो विरोधी पक्ष, छत्री धरा. अहो विरोधी पक्ष, त्या लिंबाखाली काय दिसतंय बघा."

त्यांच्या विक्षिप्तपणाचे किस्से शोकसभेत गोड करून सांगितले गेले. ते गोड नव्हते. राहत्या घराचंच घ्या. घरमालक एकदा सहज म्हणाला, "भाडं बरोबर हाय नव्हं?" मास्तरांनी पेन्सिल घेतली, आजूबाजूच्या खोल्यांची भाडी मांडली आणि आपलं भाडं कमी आहे हे मालकाला सिद्ध करून दाखवलं. मालकाने पुढच्या महिन्यापासून ते वाढवलं. काकू पुढे कित्येक दिवस वरणाला फोडणी देत नव्हत्या. "ह्यांना कुणी सांगितलं होतं शहाणपण करायला?" असं त्या मला ऐकवत. मास्तर म्हणत, "त्याने विचारलं. विचारल्यावर काय सांगू?"

लग्नाच्या पंगतीत बसले की मांडव कुठल्या जमिनीवर आहे, पावसात तिथे पाणी साचेल का, याचा त्यांचा विचार सुरू. सिनेमात नायक बापाची जमीन सावकाराकडून सोडवतोय आणि बायका रडताहेत, तेव्हा हे काकूंच्या कानात सांगणार, "मुरमाड आहे हो. सोडवून काय करणार?"

कामाला निघाले की खांद्याला पिशवी आणि पिशवीतून वर आलेली एक लोखंडी सळई. एसटीत कंडक्टर विचारायचे, "हत्यार हाय काय बाबा?" मास्तर म्हणायचे, "हो. जमिनीच्या पोटात खुपसायचं." उन्हाळ्यात काळ्या रानाला भेगा पडतात, त्या भेगांत ते ही सळई सोडत आणि काळी किती खोल आहे ते पाहत. मालक जवळ उभा राहून सांगत असे, "पुरुषभर काळी हाय साहेब." मास्तर त्याच्याकडे बघतही नसत. रानात शिरतानाही ते मालकाच्या बाजूने शिरत नसत, शेजाऱ्याच्या बांधावरून येत. मालक आपल्या रानाबद्दल आईबद्दल बोलल्यासारखं बोलतो, आणि शेजारी त्याच रानाबद्दल भावजयीबद्दल बोलल्यासारखं. मास्तर दोघांचं ऐकून घेत आणि मग विहिरीत डोकावत. विहिरीची भिंत खोटं बोलत नाही, म्हणत. वर काळी किती, मग पिवळट थर कुठे लागतो, मुरूम कुठे सुरू होतो, सगळं तिथे उघडं असतं.

रानमालकाच्या घरचा चहा, भाव मनात ठरेपर्यंत, वर्ज्य. पाणी फक्त त्याच रानाच्या विहिरीचं.

माझा पहिला धडा पावसाळ्यात झाला. एका रानात नेलं, दिवसभर फिरवलं. मी मालकाच्या सगळ्या तक्रारी मन लावून ऐकल्या. संध्याकाळी मास्तर म्हणाले, "काय शिकलात?" मी तलाठ्याचा उद्दामपणा, पुढाऱ्याचं दुर्लक्ष वगैरे सांगायला लागले. ते म्हणाले, "ते राहू दे. गावापासून इथवर चप्पल किती वेळा काढावी लागली?"

मी आठवून सांगितलं, दोनदा.

"मग लिहा. पावसाळ्यात बैलगाडी येत नाही, डोक्यावरून माल न्यावा लागतो. भाव उतरला. घरून भाकरी निघाली तर गार होऊन पोचते का गरम?"

"आता हे कसं सांगू?"

"खाऊन बघायची. लांबचं रान गार भाकरीचं रान. त्याचा भाव वेगळा."

चांगली जमीन, वाईट जमीन असले शब्द ते वापरू देत नसत. कशासाठी चांगली, हे आधी सांगायचं. एकदा मी एका माळाला कुचकामी म्हटलं, तर मला तिथेच एका धनगराशेजारी बसवून ते निघून गेले. त्या धनगराने मला सांगितलं, कुठल्या महिन्यात इथे कुठलं गवत येतं, मेंढरं किती दिवस टिकतात, आणि मग ती रात्री आपल्या रानात खतासाठी बसवावीत म्हणून लोक कसे हातापाया पडतात. संध्याकाळी मास्तर परत आले आणि म्हणाले, "आता सांगा, कुचकामी कोण?" हा त्यांचा उद्धटपणा होता. माळाची किंमत मात्र मला तेव्हापासून काढता येते.

आणि खरेदीखतं. शेजारची रानं अलीकडे कितीला विकली गेली हे कचेरीत जाऊन उतरवायचं आणि त्यावरून भाव काढायचा, हा सरकारचा मार्ग. मीही तसंच केलं, बेरीज-भागाकार करून मास्तरांपुढे ठेवलं. त्यांनी मला प्रत्येक खरेदीदाराच्या दारात पाठवलं. "का घेतली आणि का विकली, एवढंच विचारून या." एकाने सांगितलं, "शेजारच्यानं घेऊ नये म्हून घेतली." एकाने सांगितलं, "भावानंच भावाला दिली, त्यात भाव कसला?" आणि जवळजवळ प्रत्येकाने आवाज खाली आणून सांगितलं, "कागदावर कमीच लिवायचं असतंय की. स्टँप लागतोय."

म्हणजे विकणारा आणि घेणारा दोघं मिळून कागदावर किंमत कमी लिहिणार, आणि उद्या सरकारने शेजारचं रान घेतलं की तोच कागद पुढे करून सगळ्यांना कमी पैसे मिळणार! मी संतापून मास्तरांना म्हटलं, यावर पत्रक काढते. ते म्हणाले, "काढा की. पण त्यात कमी कुणी लिहिलं हेही छापा." मी मजकूर तयार केला. समितीने तो छापला नाही. शेतकरी दुखावेल म्हणाले. मला समितीचाही राग आला आणि मास्तर हसले त्याचाही.

गौरव्वाची गोष्ट इथून सुरू होते.

तिचं रान कुंभारीच्या पुढे, अक्कलकोटच्या अंगाला. घरात कानडी, बाजारात मराठी. नवरा गेलेला, मुलगी नांदायला गेलेली, आणि आठ एकर काळं रान ती एका गड्याला हाताशी धरून स्वतः करायची. तलावासाठी ते आठही एकर गेले. कागदावर गेले, म्हणजे कब्जा सरकारचा झाला. पण तलावाची भिंत अर्धी होऊन सिमेंटविना थांबलेली, म्हणून गौरव्वा अजून त्यातच पेरत होती. सरकारने भाव लावला होता पडीक जमिनीचा. त्या पैशात आठ एकर माळसुद्धा आला नसता.

आम्ही तिला वाढीव मोबदल्याच्या गोष्टी सांगायला लागलो की ती हात झटकायची. "मला पैका नगं. रानाला रान पायजे. आठाला आठ. एवढा पैका द्या, की मी दुसरीकडं आठ एकर घेईन. त्याच्या वर एक रुपाया नगं." मागणी इतकी सरळ होती की आमच्या एकाही पत्रकात ती नीट बसत नव्हती.

कोर्टात जायचं तर किंमत सांगणारा साक्षीदार हवा. सरकारने मास्तरांना विचारायच्या आत मी विचारलं. असे मास्तर आमचे झाले.

पहिल्यांदा तिच्याकडे गेलो तो श्रावण महिना. गौरव्वा दारात आली. "बर्री, बर्री. या, बसा. चा ठेवते."

"चहा नको," मास्तर म्हणाले.

तिचा चेहरा बदलला. "का? आमच्या घरचा चा चालत न्हाय व्हय बामनाला?"

"चालतो. पण चहा प्यायला की एकरी भाव चढतो माझा."

"मग दोन कप पी की!" गौरव्वा म्हणाली.

मास्तर इतके मोठ्याने हसलेले मी त्याआधी पाहिले नव्हते. चहा मात्र त्यांनी घेतला नाही.

रानात एक काडी उगवलेली नव्हती. कुळवून स्वच्छ ठेवलेलं काळंभोर रान, वर पाऊस झिरपत होता. मास्तरांनी पिशवीतून सरकारी पंचनाम्याची नक्कल काढली आणि मला वाचायला लावली. 'जागेवर कोणतेही पीक आढळून आले नाही, सबब जमीन पडीक.' खाली अधिकाऱ्याची सही, पंचांच्या सह्या.

"महिना कुठला?" मास्तरांनी विचारलं.

पंचनामाही श्रावणातलाच होता.

पंचांपैकी एक शेजारच्याच रानात होता. मास्तर बांध ओलांडून गेले. "सही तुम्हीच केली?"

"केली की. सायेबानं इचारलं, पीक हाय का? म्हनलं, न्हाय."

"रब्बीचं रान आहे, पावसाळ्यात मोकळंच ठेवतात, असं सांगितलं नाहीत?"

तो माणूस मास्तरांकडे बघतच राहिला. "आता हे बी सांगायचं व्हय? सायेब शिकल्याला मानूस."

ही चूक फक्त आमच्याकडेच होऊ शकते. आमच्याकडचं भारी काळं रान पावसाळाभर पेरत नाहीत. ते नुसतं पाणी पीत पडलेलं असतं. पाऊस सरला की हस्ताच्या सुमाराला त्या ओलीवर ज्वारी पेरायची, आणि ती पुढे थंडीच्या दवावर येते. जितकं रान चांगलं, तितकं ते श्रावणात रिकामं. भूसंपादन अधिकारी भाताच्या मुलखातून बदलून आलेला. त्याच्या मुलखात श्रावणात रिकामी दिसते ती खडकाळ जमीन. त्याने बघितलं, विचारलं, लिहिलं. पंचांनी खरं तेच सांगितलं. लबाडी कुणीही केली नव्हती आणि एका बाईचे आठ एकर बुडाले होते. मला यात कुणाविरुद्ध घोषणा द्यायची हेच कळेना.

वर आमच्या वकिलांनी दाव्यात लिहून ठेवलं होतं, 'सदर जमीन बारमाही बागायत असून विहिरीस मुबलक पाणी आहे.' मास्तरांनी ते वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. म्हणाले, "ही जमीन कुठल्या जिल्ह्यात आहे?"

विहीर होती. पावसाळ्यात तिला पाणी असे. माघात तळ दिसे.

पुढच्या वर्षी भाद्रपदात न्यायाधीशांनी जागा पाहायचं ठरवलं. ही पाहणी पावसातच व्हावी असा अर्ज मास्तरांनी आमच्या वकिलांकडून करवून घेतला होता. वकील कुरकुरले. सरकारी वकिलांना मात्र आनंद झाला, रान रिकामं दिसेल म्हणून.

आदल्या दिवशी धो धो पाऊस झालेला. सरकारी जीपमधून न्यायाधीश, सरकारी वकील आणि आमचे वकील आले. गाडीवाट संपली तिथे मी आणि मास्तर चपला हातात घेऊन उभे होतो. मास्तर म्हणाले, "इथून चालत गेलेलं बरं." हे त्यांनी दोनदा सांगितलं. पण किती हळू आवाजात, ते मी शेजारी होते म्हणून मला माहीत.

सरकारी वकील म्हणाले, "पडीक जमीन आहे हो. जाईल जीप."

जीप गेली. रानात दहा पावलं आत गेली आणि बसली. ड्रायव्हरने जोर लावला तशी आणखी बसली. चाकं दिसेनाशी झाली. सरकारी वकील उतरायला गेले, तर त्यांचा एक बूट आतच राहिला. न्यायाधीश जीपमध्येच बसून राहिले आणि त्यांनी आपलं धोतर—हो, ते धोतर नेसायचे—शांतपणे वर खोचलं.

"बाई, बैल आणा," सरकारी वकील ओरडले.

गौरव्वा बांधावर कमरेवर हात ठेवून उभी होती. "आनते की. पर आधी लिवून घ्या म्हना त्या सायबास्नी."

"काय लिहून घ्या?"

"पडीकात रुतली म्हून."

न्यायाधीश हसले. मग त्यांनी तिला विचारलं, "जमीन इतकी चांगली आहे तर आत्ता इथे पीक का नाही?"

तिला प्रश्नच कळला नाही. तिने माझ्याकडे बघितलं, मास्तरांकडे बघितलं. "आत्ता? आत्ता कसं असंल? रान पानी पितंय की."

न्यायाधीशांनी ते वाक्य कारकुनाला जसंच्या तसं लिहायला सांगितलं. मला वाटलं, आम्ही जिंकलोच. परतीच्या एसटीत मी आख्खं पत्रक मनात लिहून काढलं. मास्तर बूट रुतलेल्या वकिलाबद्दल काळजीने बोलत होते. बूट नवा होता म्हणे.

मग मास्तरांची साक्ष झाली. जमिनीची खोली, ओल, शेजारच्या व्यवहारांमागची कारणं, सगळं त्यांनी असं मांडलं की न्यायाधीशांनी एकदाही घड्याळ पाहिलं नाही. सरकारी वकिलांनी उलटतपासणी सुरू केली.

"तुम्ही या कामाची फी घेतलीत?"

"घेतली. फुकट केलं असतं तर तुम्ही जास्त संशय घेतला असता."

"दाव्यात लिहिलंय, विहिरीला बारमाही पाणी आहे. आहे?"

"नाही."

आमच्या वकिलांनी मान खाली घातली. मी जागेवरून अर्धवट उठले.

"दुष्काळामुळे आटली असेल?" सरकारी वकील आता रंगात आले होते.

"नाही. दुष्काळाच्या आधीही उन्हाळ्यात पाणी नसायचं. ही बागायत नव्हे. उत्तम रब्बी जिरायत आहे."

बाहेर आल्यावर गौरव्वाने त्यांना व्हरांड्यातच अडवलं. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "तुमाला काय खुपत हुतं? एक शब्द न्हाय बोलला असता तर?"

"विचारलं म्हणून बोललो."

"इचारल्यालं समदंच सांगायचं असतंय व्हय?"

ती पदर खोचून निघून गेली. मी त्यांना तिथेच, वकिलांच्या आणि पक्षकारांच्या गर्दीत, काय वाटेल ते बोलले. तत्त्व मिरवायला दुसऱ्याची जमीन कशाला लागते, असंही बोलले. पुढे कित्येक महिने मी बाळीवेशीकडे फिरकले नाही. काकूंनी दोनदा निरोप पाठवला, तरी नाही.

निकाल आला. पडीक रद्द. भारी काळ्या रब्बी रानाचा भाव मंजूर. बागायतीचा नामंजूर. निकालात एक वाक्य होतं, की साक्षीदाराने पक्षकाराच्या विरुद्ध जाणारी गोष्टही लपवली नाही, त्यामुळे त्याचं उरलेलं म्हणणं विश्वासार्ह वाटतं. हे वाक्य लोक मला अजून ऐकवतात. म्हणजे मास्तर बरोबर होते, असं त्यांना म्हणायचं असतं. मी तसं म्हणत नाही. दुसरा न्यायाधीश असता तर? आमचे वकील तर सगळं श्रेय स्वतःकडे घेऊन पेढे वाटत होते.

पैसे हातात आले आणि गौरव्वा एका सकाळी मला घेऊन मास्तरांच्या दारात उभी राहिली. आत आली नाही. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, "राग हाय माजा. त्यो हाय तितं ऱ्हाऊ दे. रान घ्यायचं हाय, बघायला चला."

मास्तरांनी सळई उचलली.

त्यांनी तिच्यासाठी अनेक रानं पाहिली. एका ठिकाणी खाली पाणी धरून ठेवणारा थर निघाला, एका ठिकाणी वाटेचं भांडण होतं, एका ठिकाणी मालकाच्या बहिणीचा हिस्सा. विकणारे त्यांना बघून कपाळाला हात लावत. शेवटी जुन्या रानापासून कोसभरावर एक निघालं. खोल काळं, घरून गरम भाकरी पोचेल असं. मास्तरांनी सगळं बघून भाव सांगितला. विकणारा कुरकुरत त्यावर आला.

तरीही पाचच एकर आले. सगळे पैसे घालून पाच.

हस्तात गौरव्वाने पेरणी धरली. मला बोलावलं होतं. मास्तर न बोलावता आले आणि रानाच्या मधोमध उभे राहून माती चिमटीत घेऊन बघत होते. पलीकडून गौरव्वाची पाभर येत होती, बैल तिचेच, मागे बी सोडायला तीच. मला राहवलं नाही. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"तीन एकर कमी आले मास्तर. तुमच्या त्या एका 'नाही'ने गेले."

"विहिरीने नाही गेले. तारखेने गेले."

"कसल्या तारखेने?"

ते खाली बसले आणि सळईच्या टोकाने मातीवर रेघ मारली. "जमीन घेणार म्हणून पहिली नोटीस निघाली तो हा दिवस. कायदा किंमत धरतो ती या दिवसाची." पुढे लांबवर दुसरी रेघ मारली. "पैसे मिळाले ते इथे. मधल्या काळात रानांचे भाव कुठच्या कुठे गेले. किंमत धरणार जुनी आणि जमीन घ्यायची आजची. पहिल्या रेघेवर हे पैसे मिळाले असते तर आठ एकर आले असते. तेव्हाचे व्यवहार काढून बघितलेत मी."

मी त्या दोन रेघांकडे बघत राहिले. आम्ही इतकी पत्रकं काढली, आणि खरी चोरी ही होती. कुणी दरोडा घातला नव्हता, कुणी लाच घेतली नव्हती. दोन तारखांच्या मधे तीन एकर जिरून गेले होते. आणि हे त्या जिल्ह्यात ज्या एका माणसाला पक्कं माहीत होतं, तो माती चिमटीत धरून माझ्यासमोर बसला होता.

"हे कोर्टात का नाही सांगितलंत?"

"मला विचारलं नाही."

"विचारलं नाही!" माझा आवाज असा चढला की बैलांनी कान टवकारले. "घरमालकाने विचारलं म्हणून भाडं वाढवून घेतलंत. सरकारी वकिलाने विचारलं म्हणून विहीर कोरडी पाडलीत. आणि जे या बाईचे तीन एकर खातंय, ते कुणी विचारलं नाही म्हणून पोटात ठेवलंत?"

"कोर्टाला त्यात काही करता आलं नसतं. कायदाच तसा आहे."

"कोर्टाला नसेल. मला आलं असतं! मी पत्रकं काढते, मास्तर! मोर्चे काढते! मला सांगायचं होतंत."

त्यांनी सळईच्या टोकाची माती बोटाने पुसली. मग मान वर न करता म्हणाले, "तुम्हीही नाही विचारलंत."

मी तोंड उघडलं तेवढ्यात पाभर आमच्यापाशी येऊन थांबली. आम्ही दोघं बरोबर तिच्या ओळीत उभे होतो. गौरव्वाने कपाळावरचा घाम मनगटाने पुसला. एका हातात बी होतं, ते तिने मुठीत घट्ट धरलं.

"सरका. दोगंबी," ती म्हणाली. "भांडायचं तर बांधावर जाऊन भांडा. वल हाय तवर मला पेरायचं हाय."

आम्ही बांधावर चढलो आणि उरलेलं भांडण तिथे केलं.